औशाचे मेडिकलवाले अण्णा गेले, आठवणी असतील तर लिहा

गोदाकाठ:

अण्णा गेले. सोमवारी पहाटे, घरीच. ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी हा धागा काढतेय. घरच्यांनी पूर्ण नाव टाकू नका म्हणून सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण औशात ज्यांनी एकदा तरी त्यांच्याकडून औषध घेतलंय त्यांना नाव सांगायची गरजच नाही. आम्ही सगळे अण्णाच म्हणायचो.

मी त्यांच्या काउंटरवर काम केलंय. बारावीनंतर डी.फार्म.ला (फार्मसीचा डिप्लोमा) नंबर लागेपर्यंत आणि नंतर प्रत्येक सुट्टीत. आता नांदेडला एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे आणि जे काही बरं काम हातून होतं त्यातलं निम्मं कॉलेजात शिकले आणि निम्मं त्यांच्या दुकानात उभं राहून.

दुकान टाकलं १९८२ ला, म्हणजे लातूर जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला त्याच वर्षी. ते स्वतः सांगायचे की जिल्हा आणि दुकान एका वयाचे. औरंगाबादहून डी.फार्म. करून आलेले, तेव्हा आमच्याकडं शिकलेला फार्मासिस्ट म्हणजे अप्रूप. बाकी ठिकाणी सर्टिफिकेट एकाचं, भिंतीला फ्रेम लावलेली, आणि काउंटरला दुसराच कुणीतरी पोरगा. फार्मसी ॲक्ट १९४८ चा आहे, त्यातलं ४२ कलम सरळ सांगतं की औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनंच द्यायचं, पण सर्टिफिकेट भाड्यानं लावायचा धंदा किती चालायचा आणि अजून कुठं कुठं चालतो हे या क्षेत्रातल्या लोकांना माहितीय. अण्णांनाही ऑफर यायच्या, दुसऱ्या गावच्या दुकानाला नुसतं सर्टिफिकेट द्या आणि महिन्याला घरबसल्या पैसे घ्या. दोन पोरी एक पोरगा शिकायला, बायको आजारी, पैशाची गरज नव्हती असं नाही. पण ते म्हणायचे जिथं माझं नाव लावलंय तिथं मी उभा पायजे.

काउंटरवर चिठ्ठी आली की आधी माणसाकडं बघायचे. "कुणाला पायजे?" "आधी काय चालू हाय का?" "कशाची रिॲक्शन आलती का कधी?" गर्दी असो नायतर नसो, हे विचारल्याशिवाय गोळीला हात लागायचा नाही. सुरुवातीला मला वाटायचं लोक वैतागतात, रांग वाढायलीय, कशाला एवढं. मग एक दिवस एका म्हातारीची चिठ्ठी आली मोठ्या शहरातल्या दवाखान्यातली. संधिवाताची मेथोट्रेक्सेट लिहिलेली. ही गोळी संधिवाताला आठवड्यातून एकदाच घेतात, रोज घेतली तर रक्तातल्या पेशी कमी होतात, तोंडात फोड येतात, माणूस दगावू शकतो. चिठ्ठीवर नुसतं १-०-० लिहिलेलं, म्हणजे रोज सकाळी एक. अण्णांनी म्हातारीला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि दवाखान्याला फोन लावला, तिथं कुणी नीट बोलेना तर परत लावला, परत लावला, शेवटी लिहिणारे डॉक्टर लाईनवर आले तेव्हाच ठेवला. आठवड्याला एक. मग त्यांनी पाकिटावर "फक्त रविवार" असं लाल पेनानं लिहिलं, म्हातारीला वाचता येत नाही म्हणून नातवाला शाळेतून आल्यावर दुकानात पाठवायला सांगितलं आणि त्या लेकराकडून ते तीनदा म्हणवून घेतलं.

लिहा तुम्हीपण. जेवढं आठवेल तेवढं.

---

तेरणेकाठचा:

वाईट वाटलं ताई. मी किल्लारीकडचा.

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले आणि पहाटे चारच्या आधी सगळं खाली आलं. दगडमातीची घरं, जाड भिंती, वर माळवद. मी तेव्हा चौथीत होतो. आजी आणि धाकटी बहीण त्यात गेली, त्यावर जास्त लिहीत नाही.

माझ्या पायाला जखम झालती. दिवस उजाडल्यावर लोक आले, त्यात एका जीपमधनं अण्णा उतरले. दुकानातला कापूस, बँडेज, टिंक्चर, धनुर्वाताची इंजेक्शनं, सलाईन, जे होतं ते भरून आणलेलं. हे बाबांनी नंतर सांगितलं, मला आठवतं ते एवढंच की एक माणूस गुडघ्यावर बसून माझा पाय धुवायलाय आणि विचारायलाय, "तुला कोणत्या गोळीनं अंगावर पित्त उठतंय का रं?" आईनं सांगितलं सल्फाच्या गोळीनं अंग सुजलं होतं. त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशावर पट्टी चिकटवून त्यावर लिहून ठेवलं. पुढं पाऊस लागला, लई पाऊस, सगळा चिखल. मला लातूरला नेलं, तिथल्या डॉक्टरनं ती पट्टी वाचली.

आणि एक. बाहेरून मदतीचे ट्रक यायला लागले तसे औषधांचे खोके पण आले, ढिगानं. कशावर काय लिहिलंय कुणाला कळंना. अण्णा तंबूत बसून दिवस दिवस तेच वेगळं करायचे असं बाबा सांगायचे. एक्स्पायरी झालेलं एका बाजूला, ज्याचं नाव कळत नाही ते एका बाजूला, लेकरांचं वेगळं. दुकान तेवढे दिवस बंदच.

---

मांजरा_डॉक्टर:

मी लातूरला फिजिशियन आहे, त्याआधी काही वर्षं औसा तालुक्यात सरकारी नोकरीत होतो.

वर औषधांच्या खोक्यांचं लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. मोठ्या आपत्तीत नको असलेली, मुदत संपलेली औषधं येऊन पडतात हा जगभरचा अनुभव, जागतिक आरोग्य संघटनेनं औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं काढली ती १९९६ ला. अण्णा ते काम त्याच्या तीन वर्षं आधी तंबूत बसून करत होते, कुणी सांगितलं नव्हतं.

माझी आठवण विष घेतलेल्या पेशंटची आहे. मराठवाड्यात काम केलेल्या प्रत्येक डॉक्टरनं हे बघितलंय, फवारणीचं औषध पिऊन आलेला शेतकरी, तोंडातून फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या. ऑर्गेनोफॉस्फरस (कीटकनाशकांचा एक प्रकार) असेल तर उतारा म्हणून ॲट्रोपिन द्यावं लागतं आणि एक-दोन ॲम्प्युलनं भागत नाही, छातीतला घुरघुराट थांबेपर्यंत देत राहावं लागतं, कधी रात्रभर. ग्रामीण दवाखान्यातला साठा बघता बघता संपतो. अशा वेळी रात्री दोनला नातेवाईकाला अण्णांच्या घरी पाठवायचो. अण्णा त्याच्या हातात पिशवी देऊन परत पाठवू शकले असते. ते स्वतः लुनावर यायचे, दुकानातले सगळे ॲम्प्युल घेऊन, आणि थांबायचे. त्यांचं म्हणणं, नातेवाईक घाबरलेला असतो, परत काय लागलं तर त्याला नाव सांगता येणार नाही, मला येईल. ॲट्रोपिनवर नफा जवळजवळ काही नाही आणि मुदत संपली की फेकायचं, त्यामुळं बरेच दुकानदार दोन-चारच ठेवतात. अण्णांच्याकडं कायम भरलेला खोका असायचा. दरवर्षी त्यातलं किती फेकावं लागायचं ते मी विचारलं होतं, त्यांनी विषय बदलला.

त्या रात्रींमधले सगळे वाचले नाहीत. जे वाचले त्यातले काही जण आजही मला बाजारात भेटतात.

---

स्पष्टच_लिहितो:

माणूस गेल्यावर वाईट बोलू नये म्हणतात पण माझा अनुभव वेगळा आहे तो लिहितो. माझ्या पोराला ताप होता, रात्रीची वेळ, गावात डॉक्टर नव्हते. अण्णांना म्हणलं मागच्या वेळेस जे ॲन्टिबायोटिक दिलतं तेच द्या, रिकामी बाटली घेऊन गेलतो. दिलं नाही. पाया पडायचा बाकी होतो. तापाचं औषध दिलं आणि लातूरला जा म्हणले. रात्री गाडी करून गेलो, पैसे गेले ते वेगळे. बाकी दुकानवाले देतातच की. प्रामाणिक होते हे मान्य, पण गरजवंताला एवढं कडक राहू नये.

---

गोदाकाठ:

दादा तुमचा राग समजू शकते, ती रात्र तुम्ही काढलीय. पण मी त्या काउंटरच्या आत उभी होते (तुमच्या वेळेस नाही, पण असे पालक रोज यायचे) म्हणून आतली बाजू सांगते.

ॲन्टिबायोटिक शेड्यूल एच या यादीत येतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही. काही औषधं २०१४ पासून एच-१ मधे आहेत, त्यांची तर वेगळी नोंदवही ठेवावी लागते, पेशंट कोण, डॉक्टर कोण, किती दिलं, आणि ती तीन वर्षं जपायची. कायदा झाला हा. अण्णांचं कारण कायद्याच्याही आधीचं होतं. मागच्या वेळचा ताप आणि आत्ताचा ताप एकच आहे हे दुकानात उभं राहून कुणाला कळणार? साधा व्हायरल असेल तर ते औषध काही कामाचं नाही आणि दुसरंच काही असेल तर दोन दिवस लक्षणं झाकली जातात आणि मग उशीर होतो.

आणि तुम्हाला तापाचं औषध दिलं तेव्हा लेकराचं वजन विचारलं असेल किंवा वजनकाट्यावर उभं केलं असेल, आठवून बघा. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर असतो, वयावर अंदाजानं देणं त्यांना पटायचं नाही, आमच्याकडं पाच वर्षांचं लेकरू बारा किलोचं पण असतं आणि वीसचं पण. निमेसुलाईड (तापाचंच दुसरं औषध) तर लेकरांना ते देतच नव्हते. सरकारनं बारा वर्षांखालच्यांना बंदी घातली २०११ ला, त्याच्या कितीतरी आधी त्यांनी लेकरांचं ते सिरप दुकानात ठेवणं बंद केलं होतं. एमआर लोक (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) नाराज व्हायचे.

कडक होते हे खरंय. झोपेच्या गोळ्या मागणाऱ्याला तर बसवून घ्यायचे, चिठ्ठी असली तरी एका वेळेस थोड्याच द्यायचे आणि घरचं कुणीतरी घेऊन या म्हणायचे. कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना माहिती असायचं. मला तो कडकपणा आवडायचा आणि आजही आवडतो.

---

जुना_एमआर:

मी बावीसेक वर्षं लातूर-उस्मानाबाद-बीड लाईन केली. ताईनं लिहिलंय ते बरोबर, आम्ही नाराज व्हायचो. दहावर दोन फ्री, दहावर चार फ्री अशा स्कीम घेऊन गेलो की अण्णा शॉर्टबुक (संपत आलेल्या मालाची वही) उघडायचे आणि म्हणायचे खपतंय तेवढंच लिहा. फ्रीचा माल पडला की दुकानदार तो खपवायच्या मागं लागतो हे त्यांना पक्कं माहिती. टार्गेटच्या टेन्शनमधे राग यायचा. पण एप्रिल-मेच्या उन्हात त्यांच्या दुकानात शिरलं की आधी ताकाचा ग्लास, मग धंदा. आणि बिलाचं पेमेंट तारखेला, स्टॉकिस्टकडं त्यांच्या नावावर कधी तक्रार ऐकली नाही.

फ्रीजचं सांगतो. इन्सुलिन दोन ते आठ डिग्रीत ठेवावं लागतं. लोडशेडिंगच्या काळात आमच्याकडं दिवसाला दहा-बारा तास लाईट नसायची, बाकी दुकानात फ्रीज नुसता कपाटासारखा. अण्णांच्या फ्रीजमधे थर्मामीटर लटकवलेला, बाजूला वहीत सकाळ-दुपार-संध्याकाळ आकडा लिहिलेला. लाईट जास्त वेळ गेली की बर्फ आणून थर्माकोलच्या डब्यात, इन्सुलिन बर्फाला टेकू न देता, कारण गोठलेलं इन्सुलिन पण बाद. आणि ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांना माठाचं शिकवायचे, मोठ्या माठात वाळू, त्यात छोटं मडकं, वाळू ओली ठेवायची, मडक्यात डबी. चालू बाटली महिनाभर टिकायला तेवढा गारवा पुरतो.

---

कोयता_ते_कीबोर्ड:

माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. आम्ही बीड जिल्ह्यातले पण मामाचं गाव औसा तालुक्यात म्हणून अण्णा माहितीचे. मी इथं पहिल्यांदाच लिहायलोय, चूकभूल माफ करा.

बापाला टीबी झालता. सहा महिन्यांचा कोर्स आणि दिवाळीच्या तोंडावर टोळी निघणार, उचल घेतलेली, थांबता येत नाही. सरकारी दवाखान्यातनं औषध मिळायचं पण कारखान्याच्या फडावर कुठून आणणार. अण्णांनी स्वतः जाऊन दवाखान्यात बोलून कागद करून दिला की कारखान्याजवळच्या केंद्रातनं पुढचं औषध मिळावं. आणि आईला बसवून सांगितलं की लघवी लाल-नारिंगी होईल, घाबरायचं नाही, ती गोळीचा रंग हाय, रक्त नव्हं. हे सांगितलं म्हणून बाप वाचला असं मी म्हणतो कारण टोळीतल्या दुसऱ्या एका माणसानं नेमकं तेच बघून गोळ्या उसात फेकून दिल्या होत्या. तो पुढं राहिला नाही.

आईला अक्षर येत नव्हतं. तिच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावर अण्णा सूर्य काढून द्यायचे, रात्रीच्या पाकिटावर चंद्र. जेवणाआधीची असेल तर रिकामं ताट, जेवणानंतरची असेल तर ताटात भाकरी. आईनं ती पाकिटं जपून ठेवलीत. आता ती माझ्याकडं पुण्यात असते, इथल्या दुकानातनं गोळ्या आणल्या की पाकिटावर मीच सूर्य काढतो.

---

उमरगेकर:

वाचून डोळ्यात पाणी आलं राव. आम्ही पण उमरग्याहून जायचो त्यांच्याकडं, मुद्दाम.

---

धाकटी_लेक:

नमस्कार. मी अण्णांची धाकटी मुलगी. गोदाकाठताईनं लिंक पाठवली, सगळं वाचलं, आईला वाचून दाखवलं. काही गोष्टी आम्हालाच माहिती नव्हत्या. ॲट्रोपिनच्या रात्री ते कुठं जातात हे आईला माहिती असायचं, आम्हाला सांगायचे स्टॉक मोजायला चाललोय.

तुम्ही दुकानातलं लिहिलं, मी घरचं लिहिते.

आईला संधिवात मी तिसरीत असताना सुरू झाला. सकाळी बोटं वळायची नाहीत, परात धरता यायची नाही. अण्णांनी भाकरी शिकून घेतली. ज्वारीचं पीठ उन पाण्यात मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, सगळं. तेव्हाचं औसा डोळ्यासमोर आणा, गडीमाणूस चुलीपुढं बसून भाकऱ्या थापायलाय आणि दार उघडं. लोक बोलले, आमची आत्याच पहिली बोलली. अण्णांनी कधी दार लावलं नाही. सहाला उठून भाकऱ्या, आमच्या वेण्या (मोठीची चांगली यायची, माझी कायम एका बाजूला), आईला कोमट पाण्यात हात बुडवायला देऊन मग नऊला दुकान. हे वर्षानुवर्षं.

वर ज्या मेथोट्रेक्सेटचं लिहिलंय तीच आईला चालू आहे. रविवारी ती गोळी ते स्वतः तिच्या हातात द्यायचे, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, आणि ठरलेल्या महिन्याला रक्त तपासायला लातूर. त्या गोळीचा पत्ता घरात वेगळ्या डब्यात कुलपात, आमच्यापैकी कुणाचा हात चुकून लागू नये म्हणून. त्या म्हातारीसाठी त्यांनी एवढे फोन का लावले हे ताईंचं वाचलं तेव्हा मला आत कुठंतरी लागलं.

दुकान वर्षात एकच दिवस बंद, येळवस. बाहेरच्यांसाठी सांगते, वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली, आमच्या लातूर-उस्मानाबाद भागात सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, खीर. अण्णांना आंबील प्रचंड आवडायची. पण तिथंपण कुणीतरी शोधत यायचंच, अमक्याला दम लागलाय, तमक्याचं इन्सुलिन संपलंय, आणि ते अर्ध्या जेवणावरून लुना काढायचे. आम्ही पोरं रुसायचो. आई म्हणायची त्यांची भज्जी झाकून ठेवा, येतेत ते. आणि यायचे, अंधार पडायच्या आत यायचे, आणि मग आमच्याबरोबर परत पहिल्यापासून जेवायला बसायचे.

२०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते साऱ्या देशानं बघितलं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं पण टँकरवरच होतं. टँकरच्या पाण्यानं जुलाब-उलट्या सुरू झाल्या तेव्हा अण्णांनी दुकानाबाहेर पाटी लावली, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ओआरएसची पाकिटं दुकानात होती, विकली असती. पण ज्याच्याकडं पैसे नाहीत तो विचारणार नाही आणि लेकरू सुकेल, म्हणून पाटी.

कोरोनात २०२१ ला एप्रिलमधे रेमडेसिव्हिरसाठी लोक रडत यायचे. अण्णांचं वय झालेलं, आम्ही घरी बसा म्हणून भांडलो, ऐकलं नाही, काउंटरला प्लास्टिक लावून बसले. कुणी दहापट पैसे घेऊन इंजेक्शन मिळवून देतो म्हणून आला तर त्याला हाकलून द्यायचे, आणि नातेवाईकाला सांगायचे की यानं जीव वाचेलच असं नाही, घर विकू नको, ऑक्सिजनचा बेड शोध. कितीजणांना ते पटलं माहिती नाही. एवढं सांगायची हिंमत तेव्हा कुणाजवळ नव्हती.

शेवटची दोन वर्षं दुकान माझा भाऊ बघतो, तो बी.फार्म. आहे. अण्णा दुपारी येऊन स्टुलावर बसायचे आणि आलेल्या माणसाला विचारायचे, कुणाला पायजे.

स्पष्टच_लिहितो दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मुलगा बरा आहे ना?

---

स्पष्टच_लिहितो:

हो ताई बरा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या रात्री लातूरला निमोनिया निघाला होता, पाच दिवस ॲडमिट होता. हे मी वर लिहायला पाहिजे होतं.

---

तेरणेकाठचा:

ताई एक विचारायचं होतं. अण्णांकडं एक जाड वही असायची, कायमच्या पेशंटची, कुणाला काय चालू आणि कशाची रिॲक्शन. आमच्या घराचं पण त्यात पान होतं. ती आता कुठंय?

---

धाकटी_लेक:

आहे. एक नाही, अकरा वह्या आहेत, सगळ्या भावाजवळ. त्यात लोकांचे आजार आहेत त्यामुळं बाहेर कुणाला देणार नाही, फोटो पण नाही. पण ज्यांचं पान आहे त्यांनी दुकानात यावं, स्वतःचं पान बघावं, हवं तर उतरवून घ्यावं. भाऊ सकाळी नऊ ते दुपारी एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ असतो. दहाव्यापर्यंत दुकान फक्त अर्जंट औषधासाठी उघडं आहे, नंतर नेहमीसारखं.

---

उमरगेकर:

ताई मी रविवारनंतर येतो. वडलांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय सोलापूरला, भूल देणारे डॉक्टर विचारायलेत पूर्वी कोणत्या इंजेक्शनची रिॲक्शन आलती, वडलांना नाव आठवेना. अण्णांनी लिहून ठेवलेलं असणार. साल बहुतेक २००३ किंवा २००४ असेल, भावाला तेवढं सांगून ठेवा.